दुखवट्यातलं तळण

शकू गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोथिंबीर निवडत होते. फोन तिच्या सुनीलचा होता. "काकू, आई गेली," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, बरं, आम्ही निघतो. मग उरलेली जुडी निवडून संपवली, देठं गोळा केली, हात धुतले आणि प्रकाशला हाक मारली. प्रकाश माझा मुलगा. नंतर त्याची बायको कुणाला तरी सांगत होती की आईंना धक्का बसला, त्यांना सुचतच नव्हतं काही. सगळं सुचत होतं मला. अर्धवट निवडलेली जुडी टाकून उठले असते तर शकूनेच नाक मुरडलं असतं.

शकू माझी धाकटी जाऊ. नवरात्र बसायच्या दोन दिवस आधी गेली. म्हणजे दिवाळीला जेमतेम महिना राहिला होता. घरातलं माणूस गेलं की वर्षभर सण करायचा नाही, कढई चढवायची नाही, दिवाळीचं फराळाचं शेजारपाजारचे आणून देतात ते खायचं, ही आमच्याकडची रीत. इंदूरच्या छत्रीबागेतल्या आमच्या गल्लीत ही रीत सगळ्यात कडक कोण पाळत असेल तर मी. दुसऱ्यांना पाळायला लावत असेल तर ती पण मीच. आणि शकू मला दवाखान्यातून बजावून गेली होती की ताई, यंदा कढई चढवायची. का बजावलं, ते सांगायचं तर मिल बंद झाली त्या वर्षापासून सांगावं लागेल. त्यात माझी शोभा होईल. होऊ दे.

आमचं पटायचं नाही. मेल्या माणसाबद्दल सगळे चांगलं बोलतात म्हणून मी पण, आम्ही सख्ख्या बहिणींसारख्या होतो असं लिहिणार नाही. मी हातोदची, ती देपालपूरची. ती लग्न होऊन आली आणि दुसऱ्याच वर्षी चुली वेगळ्या झाल्या. घर एकच, मधे एक भिंत. नळावरून भांडलो, वाळत घालायच्या दोरीवरून भांडलो. दोरीवरून तर एक अख्खा पावसाळा बोललो नाही. तिचं म्हणणं, ताई तुम्ही हुकूम सोडता. माझं म्हणणं, तुला कुणी मोठं असलेलं चालतच नाही. दोघींचं खरं होतं. एक गोष्ट मात्र मी तेव्हाही कबूल करत असे, तिच्यासारखी कडबोळी इंदुरात कुणाला जमायची नाहीत. ज्वारी, हरभऱ्याची डाळ, उडीद, धणे, सगळं वेगळं वेगळं भाजायची, एकत्र कधी नाही. दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या की माझी दोन्ही पोरं भिंतीच्या पलीकडेच असायची. मी हाक मारली तर तोंड भरलेलं, उत्तर कुठून येणार.

आमचे हे आणि भावजी, दोघं एकाच मिलमध्ये, एकाच खात्यात, मागावर. गल्लीतली निम्म्याहून जास्त घरं मिलचीच. आज बंद होणार, उद्या होणार, असं दोन वर्षं चाललं होतं. मग एक दिवस दसऱ्याच्या आधी फाटकाला ताला लागला. सकाळी माणसं डबे घेऊन गेली आणि भरलेले डबे घेऊन परत आली. त्या दिवशी दुपारी गल्लीत पोळी-भाजीचा वास नव्हता. सगळ्यांकडे सकाळचंच होतं.

दामूअण्णा म्हणून मिलमधले जुने जॉबर, म्हणजे मागवाल्यांवरचे मुकादम होते, गल्लीत त्यांचा शब्द चालायचा. त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की आपल्या घरातलं माणूस गेलं असं समजा. यंदा गल्लीत कुणाच्या घरी कढई चढणार नाही. त्यांचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. कुणाकडे चार दाणे होते, कुणाकडे काहीच नव्हतं. एकाच्या पोराने चकली खात ओट्यावर बसायचं आणि दुसऱ्याच्या पोराने बघत राहायचं, हे त्यांना नको होतं. बायकांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी दारोदार गेले. समोर पांडे भाभी राहायच्या, तेव्हा नवी नवरी, डोक्यावरचा पदर खाली यायचा नाही. त्यांना सुद्धा मी दम भरून आले. शकूला सांगितलं तर ती पीठ चाळत होती. वर न बघता म्हणाली, "ताई, मेलं कोण?" मी म्हटलं, अण्णांनी सांगितलंय. "अण्णांना विचारून या, मेलं कोण."

तिला ते बोलायचं कारण होतं. ताला लागल्यापासून भावजी भिंतीला टेकून बसले होते. आमचे हे निदान रोज फाटकावर धरण्याला जायचे, नारे द्यायचे, घसा बसवून यायचे. भावजी कुठेच जाईनात. अंघोळ नाही, दाढी नाही. समोर ताट ठेवलं तर दोन घास, नाहीतर ते पण नाही. बघायला येणारे लोक दारातूनच हळू आवाजात बोलायचे, जसं गमीच्या, मयताच्या घरी बोलतात... आणि तो माणूस आत बसून सगळं ऐकत असायचा.

आता माझं सांगते. धनतेरसच्या आदल्या दिवशी हे फाटकावर गेले, पोरांना मी नदीकडे खेळायला पिटाळलं, दार लावलं, खिडकी लावली, दाराखालच्या फटीत ओला पंचा घातला आणि शंकरपाळे तळले. कणकेचे, गुळाच्या पाण्यातले. पोरांसाठी केले असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. पण पोरांनी मागितले नव्हते. मलाच खावेसे वाटले. महिनाभर दुसऱ्यांना नाही-नाही सांगून माझीच जीभ शिवशिवायला लागली होती. कान दाराकडे, डोळे खिडकीकडे, त्यात एक घाणा करपला. गुळाचं करपलेलं किती वास मारतं ते ज्याने केलंय त्याला माहीत. बाकीचे गव्हाच्या कोठीत दाबून ठेवले आणि पदराने वारा घालत बसले.

संध्याकाळी नळावर एकच विषय. कुणाच्या तरी घरी तळण झालं. अण्णांच्या कानावर गेलं, उद्या घरोघर बघतो म्हणाले. मी पण नळावर सगळ्यांसोबत म्हटलं, कोण असेल गं, लाज कशी वाटली नाही. आणि हंडा उचलून घराकडे चालायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर शकूने शेगडी बाहेर ओट्यावर आणलेली, वर कढई, कढईत तेल, दार दोन्ही बाजूंना उघडं टाकलेलं. परातीत ज्वारीचं पीठ तीळ-तिखट घालून मळलेलं. बसली आणि कडबोळी सोडायला लागली. पाच मिनिटांत सगळी गल्ली गोळा झाली. सगळ्यात पुढे मी. सगळ्यात मोठा आवाज माझा.

"शकू, गल्लीचा शब्द मोडतेस?"

"मोडते की. काल पण मीच तळलं होतं. वास आला ना सगळ्यांना? मीच."

तिने काल काही तळलं नव्हतं हे त्या गर्दीत एकट्या मला माहीत होतं. ती माझ्याकडे बघत पण नव्हती, झाऱ्याने कडबोळी उलटत होती. मी काय केलं? मी परत ओरडले. आधीपेक्षा जोरात. म्हटलं, वरून तोंड वर करून सांगतेस! तेव्हा तिने एकदा मान वर करून बघितलं आणि परत कढईत बघायला लागली.

तेवढ्यात दामूअण्णा आले. बायका बाजूला झाल्या. अण्णा म्हणाले, "शकुंतलाबाई, हे काय चाललंय? गल्लीत दुखवटा आहे."

"अण्णा, मिल मेली असेल," शकू म्हणाली. "माझा नवरा जिता आहे. जित्या माणसाचा दुखवटा मी पाळणार नाही. तुम्हाला पाळायचा असेल तर तुमच्या घरात पाळा."

अण्णांशी असं कुणी बोललं नव्हतं कधी. ते चपला वाजवत निघून गेले. त्यानंतर मरेपर्यंत ते शकूशी बोलले नाहीत आणि तिने पण त्यांना बोलतं करायला काही केलं नाही. गर्दी पांगत होती आणि आतून भावजी आले. वाढलेली दाढी, मळलेला बनियन. परातीजवळ बसले, पिठाचा गोळा घेतला आणि वळायला लागले. तुटलेल्या सुताला गाठ मारून मारून त्यांची बोटं तयार झालेली. अशी बारीक, सारखी दोरी वळायचे आणि टोकं अशी दाबायचे की तेलात एक पण कडबोळं उघडलं नाही. शकू म्हणाली, "अहो, जाड करा जरा, काय धोतराचं सूत काढताय?" भावजी म्हणाले, "तू तुझं तेल बघ." महिन्याभरात त्यांच्या तोंडून निघालेलं ते पहिलं वाक्य.

दुपारपर्यंत तीन घरच्या बायका आपापलं पीठ घेऊन तिच्या ओट्यावर आल्या. कुणी वाटीभर तेल आणलं. बाकीच्यांनी दारं लावून घेतली. मी गेले नाही. ह्यांनी परत येताना तिच्याकडून मूठभर कडबोळी आणली, ती मात्र मी खाल्ली.

नंतरचं सगळ्यांनी बघितलेलंच आहे. मिल काही उघडली नाही. भावजी रेडिमेड कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला बसले, हे एका गोदामावर चौकीदार झाले. गल्लीत केबल आली, कोल्ड्रिंकची लाल पेटी आली, चकल्या पाकिटात मिळायला लागल्या. शकू पाकीट हातात घेऊन उलटसुलट करून बघायची आणि म्हणायची, "हवा भरून विकतात मेले." दर दिवाळीला शेगडी ओट्यावरच. पुढे शेगडीचा गॅस झाला, पण तो सुद्धा बाहेरच ओढून आणायची. हे गेले, मग भावजी गेले, दोन्ही वेळेस मी वर्ष पाळलं आणि तिने पाळलं नाही. त्यावरून सुद्धा आम्ही भांडलो. त्या शंकरपाळ्यांबद्दल ती कधी एक शब्द बोलली नाही. भांडणात माणूस हाताला लागेल ते फेकून मारतं. तिने ते कधी फेकलं नाही, आणि मी दर भांडणात वाट बघायचे की आता फेकेल...

दवाखान्यात शेवटचं बघितलं तेव्हा मी पेज घेऊन गेले होते. चार चमचे प्यायली. मग म्हणाली, "ताई, यंदा माझं वर्ष पाळू नका. कढई चढवा. तुम्हीच चढवा, सुनेला सांगू नका." मी म्हटलं, गप बस, कुठे निघालीस तू. ती म्हणाली, "आणि दार उघडं ठेवा. दार लावलं की तुमचे शंकरपाळे करपतात."

मी पेज ढवळत बसले. ती हसत होती, दात काढून ठेवलेले, नुसत्या हिरड्यांनी. मला काहीतरी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "मीठ कमी झालंय का गं?" तिसऱ्या दिवशी सुनीलचा फोन आला.

तर यंदाची दिवाळी. धनतेरसपासून शेजारचे डबे यायला लागले. सून म्हणाली, आई, खूप झालं, एवढं कोण खाणार. मी प्रकाशला म्हटलं, गॅस बाहेर ओट्यावर काढ.

"आई, महिना झालाय काकूला. लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते लोकांना मी सांगते. तू सिलेंडर उचल."

शकूसारखी भाजणी मला येत नाही. रंग काळपट आला आणि पहिल्या घाण्यातली चार कडबोळी तेलात उघडली. त्या वासाने पांडे भाभी समोरून आल्या. आता साठीला टेकल्यात, पदर कधीच खांद्यावर आलाय. "अरे भाभीजी! गमी के घर में कढ़ाई? और वो भी आप?"

मी झारा खाली ठेवला आणि त्यांना सांगून टाकलं. ओट्यावर, दिवसाढवळ्या, सून आणि प्रकाश ऐकत असताना. म्हटलं, मिल बंद झाली त्या वर्षी पहिलं तळण माझं होतं. शकूचं नाही. ती खोटं बोलली, माझ्यासाठी.

पांडे भाभी म्हणाल्या, "तो? ये तो सबको पता था. धुआँ आपके रोशनदान से निकल रहा था, मैंने अपनी आँखों से देखा था."

रोशनदान म्हणजे भिंतीत वर असतो तो झरोका. दार लावलं, खिडकी लावली, पंचा कोंबला, आणि वर बघायचं राहिलं.

"अण्णांना पण माहीत होतं?"

"अन्ना की घरवाली मेरे बाजू में ही तो खड़ी थी."

"मग बोललात का नाही कुणी? एवढी वर्षं?"

"शकू भाभी ने बोल दिया था ना कि मैंने किया. उसके बाद कौन बोलता?"

मला रडू आलं नाही, राग आला. सगळ्या गल्लीला माहीत, आणि मी मान ताठ करून सगळ्यांना रीत शिकवत फिरतेय. पण त्याहून मोठी गोष्ट ही, की एका बाईने सगळ्यांच्या तोंडावर खोटं सांगितलं आणि ते खोडायची छाती एका पण माणसात झाली नाही. माझ्यात तर नाहीच. आम्ही रीत पाळणारे सगळे दारामागे, आणि ती ओट्यावर.

पांडे भाभींना म्हटलं, उभ्या काय राहिल्या, बसा, वळायला घ्या. त्या बसल्या. त्यांची कडबोळी माझ्यापेक्षा वाईट झाली, तेलात सगळीच उघडली. तशीच काढली, तशीच आलेल्या डब्यांत घातली आणि प्रकाशला घरोघर वाटायला पाठवलं. दोन घरांनी घेतली नाहीत. ती मी ओट्यावर बसून खाल्ली. तेल गरम होतं, अजून पीठ होतं, दार उघडं होतं. वास पार नदीपर्यंत गेला असेल. कुठल्या घरातून येतोय, हे कुणी विचारायला आलं नाही. आलं असतं तर सांगितलं असतं.