बोकडाच्या कानातली फुंकर

लिहिण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे मला कधीच वाटले नाही. सावंतवाडीला मामांकडे राहून मॅट्रिक झाले, पुढे शाळेत शिकवले, इतरांच्या मुलांचे निबंध तपासता तपासता केस पांढरे झाले — पण स्वतःचे म्हणून पानभर लिहावे, हे धाडस या वयापर्यंत झाले नाही. ते आज करते आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. आणि जे लिहायला बसले आहे ते मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही. गोष्ट एका बोकडाची आहे. हसू नका. म्हणजे — हसलात तरी चालेल. मीही ती पुष्कळ वर्षे हसण्यावारी नेऊन पाहिली.

लग्न होऊन मी कट्टा गावाजवळच्या एका वाडीत आले, तेव्हा पलीकडच्या गोव्यात अजून पोर्तुगिजांचा अंमल होता. लग्नानंतर थोड्याच दिवसांत यांना मुंबईला बोटीवर नोकरी लागली. सासूबाईंनी — त्यांना आम्ही आये म्हणत असू — वाडीच्या राखणदार देवाला नवस केला होता की मुलगा बोटीवर लागू दे, बोकड देईन. मुलगा लागला आणि समुद्रावर गेला. आयेंनी बाजारातून एक काळे पिल्लू आणले, त्याचे दावे माझ्या हातात दिले आणि सांगितले, "वाढव ह्याका. पण नाव ठेव नको हां."

नाव मी ठेवले नाही. एवढी एक आज्ञा मी अक्षरशः पाळली.

परक्या घरात नव्या सुनेला स्वतःचे म्हणावे असे काय असते? मला ते पिल्लू होते. पहाटे मी त्याच्यासाठी फणसाचा पाला काढी. दुपारी पेजेची निवळ आणि तांदळाचा कोंडा. पाला हातातून दिला तरच तो खाई, जमिनीवर टाकला तर तोंड फिरवून उभा राही. नाव नव्हते, तेव्हा हाक कशी मारणार? म्हणून मी त्याच्या कानात हलकेच फुंकर घाली. तो शिंगांपासून शेपटीपर्यंत थरथरून अंग झाडी आणि पुन्हा कान पुढे करी. हा आमचा खेळ होता. तो कुणाच्या दृष्टीस पडला नव्हता, असे मला वाटते.

दर आठवड्याला मी त्याला विहिरीवर नेऊन न्हाऊ घालत असे. आये अंगणातून ओरडत, "बकऱ्याक न्हाऊक घालतंस? उद्या तेका टोपी शिवशीत! लोक इचारतीत, नवरो खंयचो नि बकरो खंयचो!" आणि स्वतःच हसत सुटत. मीही पदराआड हसे. कळशीभर पाण्याखाली तो आरामात डोळे मिटून उभा राही.

इथे मला थोडे थांबून आमच्याकडची रीत सांगायला हवी. देवाला द्यायच्या जनावराची संमती लागते. त्याच्या पाठीवर पाणी आणि अक्षता टाकतात आणि वाट पाहतात. त्याने अंग झाडले म्हणजे देवाने ते स्वीकारले. नाही झाडले, तर सुरी उचलत नाहीत. दचकलेले जनावर बहुधा झाडतेच.

आता तुमच्या लक्षात आलेच असेल.

नवस फेडण्याच्या दिवशी वाडीतली सगळी माणसे राखणदाराच्या झाडाखाली जमली. घरी वड्यांचे पीठ भिजले होते, बोकडाच्या सागोतीसाठी खोबऱ्या-मसाल्याचे वाटप वाटून तयार होते. वाडीचे मानकरी तात्या यांचे देवाला गाऱ्हाणे घालून झाले आणि त्यांनी बोकडाच्या पाठीवर पाणी ओतले. तो स्वस्थ उभा राहिला. पुन्हा ओतले. त्याने डोळे मिटले — विहिरीवर मिटत असे तसेच. मी त्याला पाण्याची सवय लावली होती. म्हणून तो झाडत नाही, हे तेवढ्या माणसांत माझ्या एकटीच्याच ध्यानात आले.

ऊन चढू लागले. कुणीतरी पुटपुटले, "आयेचो झील दर्यावर आसा, नि देव असो गप." तात्या म्हणाले, "घरातल्या कोणाच्या तरी मनात खोट आसा." पाठीमागून एक बाई म्हणाली, "घरात नवीन कोण इलाहा, तां बगा मगे." त्या वर्षी घरात नवीन मीच आले होते.

आयेंनी माझ्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तर बरे झाले असते. त्या हातात नारळ धरून समुद्राच्या दिशेला तोंड करून उभ्या होत्या.

मी बोलू शकले असते. "मी त्याला न्हाऊ घालते, म्हणून तो झाडत नाही" — हे सांगायला कितीसा वेळ लागला असता? लोकांनी टोमणे मारले असते, आये रागावल्या असत्या, आणि बोकड — बोकड कदाचित वाचला असता. पण तात्या म्हणाले, "सुने, फुडे ये गो. तुज्या हातचो पालो खाता मा तो? दी तेका एक पान." मी पुढे गेले. फणसाचे पान त्याच्यापुढे धरले. त्याने ते घेतले आणि सवयीने कान पुढे केला.

मी फुंकर घातली.

तो शिंगांपासून शेपटीपर्यंत थरथरला. एकच गलका झाला — "मान्य केल्यान! देवान मान्य केल्यान!" आयेंनी नारळ टाकून मला मिठी मारली. आयुष्यात त्यांनी मला प्रथमच जवळ घेतले होते. ते मला हवे होते, फार हवे होते, हे मी लपवत नाही.

दुपारी मी वाढले आणि नंतर जेवलेही. सागोती चांगली झाली होती.

एवढ्यावर हे संपले असते तर कदाचित मी लिहायला बसले नसते. पण माझ्या हाताला गुण आहे, अशी वदंता पसरली. पुढच्या वर्षी शेजारच्या वाडीतून बोलावणे आले, मग दुसरीकडून. जनावराला शेवटचे पान माझ्या हातचे द्यायचे. पदर पुढे ओढून मी वाके, आणि झाडत नसलेले जनावर झाडू लागे. बायका हळदकुंकू लावत, मानाने पाटावर बसवत. मॅट्रिक झालेली सून म्हणून जिला कुणी विचारले नव्हते, तिला आता वाटेत थांबून विचारीत. नको म्हणावेसे मला वाटले का? एकदाही नाही.

मग शेजारच्या भागीरथीची पाळी आली. तिचा मुलगा मुंबईला गिरणीत लागला होता, त्याचा नवस. त्या सकाळी ती माझ्याकडे आली आणि उंबऱ्याबाहेरच उभी राहून म्हणाली, "आज झाडल्यान नाय तर बरां होयत गो —" आणि लगेच स्वतःच्या तोंडावर हात मारला. "काय बोललंय मी! माझ्या झिलाचां काय होयत! इसर, बाय, इसर."

मी विसरले नाही. तिच्या पदराला फणसाचा चीक लागला होता. तिनेही नाव ठेवले नसेल. पण काहीतरी खेळ असेलच ना?

झाडाखाली मी पान धरले. बोकडाने ते चघळले. मी वाकले — आणि श्वास आत धरून ठेवला. तो झाडला नाही. पुन्हा पाणी ओतले, तरी नाही. शेवटी तात्यांनी सुरी बाजूला ठेवली आणि बोकड देवाच्या नावाने मोकळा सोडला.

हे माझे धैर्य होते असे कृपा करून समजू नका. धैर्य असते तर घरी परतताना मी भागीरथीला सारे सांगितले असते. मुलाची खुशाली कळेपर्यंत ती धड जेवत नव्हती. मी कुंपणापलीकडून ते पाहत होते. गणपतीला मुलगा घरी आला — धडधाकट, सुटलेल्या पोटाचा, आईसाठी मुंबईचे लुगडे घेऊन. भागीरथी कुंपणावरून मला म्हणाली, "देवाक बोकड नको हुतो गो. माझो झील बरो रवलो, बग." मी हो म्हटले.

त्यानंतर वाडीत कुजबुज सुरू झाली की बोकड न घेताही देव सांभाळतो. पुढच्या नवसाला कुणी नारळ बोलले. आयेही नारळच बोलल्या. मला बोलावणे येईनासे झाले.

भागीरथीचा बोकड कट्ट्याच्या बाजारात पुष्कळ वर्षे हिंडत असे. केळीचे घड खाई, आणि दुकानदार काठी उचलण्याऐवजी हात जोडीत. दाढी पिकली, चाल मंदावली. पुढे शाळेत शिकवायला जाता-येता तो मला दिसे. मी पिशवीतून फणसाचे पान काढून देई. तो हातातून खाई. त्याच्या कानाजवळ मी कधी तोंड नेले नाही.

त्या पहिल्या दिवशी मी श्वास धरून ठेवला असता, तर माझाही असाच म्हातारा झाला असता ना?