दहाव्याचे गुरुजी आणि फियाटचं इंजिन

वडिलांच्या दहाव्याला गोदाकाठी कावळा पिंडाला शिवेना. आईला सांभाळू, बहिणीचं माहेरपण करू, आठवेल ते सगळं सांगून झालं, तरी कावळे समोरच्या भिंतीवर ढिम्म. तेवढ्यात गुरुजी माझ्या कानाशी वाकले आणि हळूच म्हणाले, "बाहेर उभी आहे ती फियाट वडिलांची ना? विकणार नाही म्हणून सांग बरं." मी हादरलोच. गाडी विकायचं खरंच ठरत होतं, आणि ते मी नि मेहुणे सोडून कुणालाही माहीत नव्हतं. हात जोडून पुटपुटलो, "गाडी विकणार नाही." कावळा आला. नंतर गुरुजींना विचारलं, तर म्हणाले, "त्यात कसलं अंतर्ज्ञान? बाप गेला की पोरं आधी गाडीच विकायला काढतात."

हे मोरेश्वरगुरुजी. सकाळी घाटावर दहाव्याचे विधी, दुपारी पंचवटीतल्या घरामागच्या शेडमध्ये जुन्या गाड्यांची इंजिनं. म्हाताऱ्या इंजिनातून जास्तीची ताकद काढण्यात नाशकात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, असं निदान ते स्वतः तरी येईल त्याला सांगत. कपाळावर गंध, नखांत काळं ग्रीस. "दोन्हीकडे काम एकच रे," म्हणायचे, "अडकलेल्याला वाट करून द्यायची."

माझी नोकरी देवळ्याला, ये-जा गाडीनंच. चढावर कांद्याचे ट्रॅक्टरसुद्धा माझ्या फियाटला मागे टाकत आणि ट्रॉलीवरचा एखादा ओरडून विचारी, "ओ काका, धक्का मारू का?" शेवटी गुरुजींकडे गेलो. "करून देणार नाही, शिकवीन," ते म्हणाले. तेव्हापासून माझे रविवार त्या शेडमध्ये जाऊ लागले. सिलिंडरचं हेड उतरवून त्यांनी माझं बोट हवेच्या वाटेत घातलं. "लागतंय ना खरखरीत? इथं श्वास अडतो. नुसतं पेट्रोल पाजून पैलवान होत नाही, छाती भरली पाहिजे." त्या वाटा मी पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केल्या. आतला दाब वाढावा म्हणून हेडची खालची बाजू मशीनवर थोडी घासून आणली. कार्बुरेटर मोठा आला, सायलेन्सर बदलला.

जुने भाग मी घरी न्यायला निघालो, तर गुरुजींनी भंगारवाल्याला आधीच बोलावून ठेवलेलं. "अस्थी घरात ठेवतोस का रे?" ते डाफरले. "काढलं ते गेलं. मागं वळून बघायचं नाही!" बाप गेलेल्या माणसाला तोंडावर असं बोलणारा दुसरा कुणी मला भेटलेला नाही. पण त्यांच्यापुढे बोलायची माझी काय बिशाद! भाग गेले.

गाडी मात्र अशी झाली की पहिल्याच खेपेला ट्रॅक्टरांची अख्खी रांग मागे टाकून मी चढ चढलो आणि आत एकटाच ओरडलो. त्याच संध्याकाळी नाशकात घरी आलो, तर फाटक बंद. फियाट कोपऱ्यावर वळली की आई फाटक उघडायला यायची. वडील होते तेव्हा, आणि ते गेल्यावरही. मी हॉर्न वाजवला. आई बाहेर आली आणि म्हणाली, "कोण हवंय?" मग तिनं मला पाहिलं, गाडी पाहिली आणि ती पायरीवरच बसली.

"ह्यांच्या गाडीचा आवाज कुठं गेला रे?"

मी इंजिन बंद केलं.

"इतके दिवस वाटायचं, आले," ती म्हणाली. "आज गेले बघ."

गुरुजींना हे सांगितलं, तेव्हा त्यांच्या हातातला पाना तसाच राहिला. मग म्हणाले, "घाटावर मुलगे येतात. बायका घरी असतात. त्यांना मी कधी काही विचारलंच नाही." दुसऱ्या दिवशी पाहतो तर काय, मागं वळून बघायचं नाही म्हणणारे गुरुजी धोतर खोचून भंगाराच्या ढिगात उतरलेले! सायलेन्सर सापडला, कार्बुरेटर सापडला. घासलेलं हेड काही परत भरत नाही, म्हणून त्यांनी दुसऱ्या जुन्या फियाटचं हेड आणून बसवलं. आईनं ऐकलं आणि मान हलवली. जवळपास होतं, पण ते नव्हतं.

"वहिनी, चुकलं माझं," गुरुजी म्हणाले.

आईनं त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि सरळ विचारलं, "गुरुजी, तुमची गाडी आलेली तुमच्या घरी कळते का हो?" गुरुजी अर्धा चहा तसाच ठेवून उठले.

काही महिन्यांनी गुरुजी झोपेतच गेले. कळल्यावर माझा विश्वासच बसेना. घाटावर न जाता मी आधी त्यांच्या बायकोला, काकूंना, भेटायला त्यांच्या घरी गेलो. शेडमध्ये गुरुजींची स्वतःची फियाट उभी होती. सवयीनं बॉनेट उचललं आणि बघतच राहिलो. जिच्यात दर महिन्याला ते काहीतरी नवीन करत, त्या गाडीच्या नटांवर धूळ बसली होती. कित्येक दिवसांत तिला पाना लागला नव्हता.

"तुमच्याकडून आले, त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं मला," काकू दारातून म्हणाल्या. "गाडी आली की कळतं का गं तुला? म्हटलं, कसं कळणार? दर महिन्याला आवाज वेगळा. मला वाटायचं, कुणी गिऱ्हाईकच आलं. तेव्हापासून त्यांनी हात लावला नाही तिला. म्हणायचे, असू दे, तुला सवय होऊ दे."

"मग? झाली सवय?"

काकू गाडीकडे बघत राहिल्या.

"नुकतं कळायला लागलं होतं रे," त्या म्हणाल्या.