लाल बटनाची शीव

“वर-वधू पक्षाच्या वतीने सर्व पाहुण्यांना नम्र विनंती, जेवण केल्याशिवाय कोणीही जाऊ नये. पांढऱ्या रंगाची गाडी ज्यांची असेल त्यांनी ती जनरेटरसमोरून हलवावी. आणि आता तुमसर तालुक्याच्या इतिहासात प्रथमच घडलेली एक गंभीर आणि गौरवाची घटना आपणांस कळवण्यात येत आहे. सर्वांनी हातातल्या प्लेटा क्षणभर खाली ठेवाव्यात!”

ही घोषणा मीच केली. शेजाऱ्यांच्या मुलाचं रिसेप्शन होतं आणि माइक माझ्या हातात होता. माझं दुकान भांड्यांचं, पण गावात कुठेही लग्न असलं की माइक माझ्याकडे येतो आणि एकदा आला की परत घेणं अवघड असतं. घटना अशी होती की मोबाईलच्या एका मोठ्या कंपनीने आपल्या येऊ घातलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी बीटा टेस्टर म्हणून माझी निवड केली होती.

कोणीही प्लेट खाली ठेवली नाही. पाणीपुरीच्या रांगेतून एकाने टाळी वाजवली. नंतर कळलं, त्याने हातावरचा मच्छर मारला होता.

दुसऱ्या दिवशी राइस मिलवाला मित्र दुकानात आला. त्याने थेट मुद्द्याला हात घातला.

“पगार किती?”

“पगार नाई.”

“मंग जाण्यायेण्याचा भत्ता?”

“जाचंच नाई कुठं.”

“मंग कायले निवडलं बे तुले? पाप केलतं का काही?”

मी त्याला समजावलं. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे फोनच्या आतला कारभारी. बटन दाबलं की कोणी काय करायचं हे तो ठरवतो. नवा कारभारी सगळ्यांच्या घरी पाठवण्याआधी कंपनी त्याला थोड्या लोकांकडे पाठवते. “बियाण्यासारखं हाय. बाजारात आणाच्या आधी कंपनी एखाद्याच्या वावरातल्या बांधीत नवं धान लावून पाहते का नाई? कीड कुठं लागते थे आपन सांगाचं.”

“म्हनजे तू बांधी.”

“बांधी नाई, शेतकरी!”

“बियानं त्याहिचं, फोन तुहा, कीड लागली तं तुले लागन. बांधीच हायेस तू,” असं म्हणून तो माझाच चहा पिऊन गेला.

हसा खुशाल. पण मी उभ्या आयुष्यात कशासाठीही निवडला गेलो नव्हतो. शाळेच्या कबड्डीत मी बाहेर बसून चपला सांभाळल्या. गावच्या नाटकात माझा आवाज सगळ्यात मोठा, म्हणून मला पडद्यामागून वाक्यं सांगायला ठेवलं. तिथे मी इतक्या जोरात वाक्यं सांगितली की प्रेक्षकांनी दोन दोन वेळा नाटक ऐकलं, आणि पुढच्या वर्षी तेही काम गेलं. आणि इथे कंपनी स्वतःहून लिहीत होती, अभिनंदन, आपली निवड झाली आहे. गंज, म्हणजे मोठं पातेलं, घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला आधी तो मेल ऐकावा लागे, मग गंज मिळे.

एकटी बायको विचारात पडली होती. “तुमाले काहून निवडलं जी? तुमाले तं जल्मात कोनत्या वस्तूत खोट दिसली नाई.”

मर्मावर बोट होतं. माझा धंदाच तारीफ करण्याचा. झाकण नीट बसत नसेल तर मी “वाफेला वाट ठेवली आहे” म्हणून ते विकतो. लग्नात माइकवरून मी करपलेल्या जिलेबीलाही खरपूस म्हणतो. आणि कंपनीला माझ्याकडून नेमक्या खोटी हव्या होत्या. दर आठवड्याला विचारणा यायची, आपल्याला काय खटकले? मी लिहायचो, “सर्व व्यवस्था उत्तम. कुठेही गैरसोय झाली नाही. आपल्या कंपनीस शुभेच्छा.”

चौथ्या आठवड्याला उत्तर आलं. भाषा गोड होती, अर्थ तिखट होता. ज्यांनी महिनाअखेरपर्यंत एकही दोष कळवला नाही त्यांची जागा वाट पाहणाऱ्या इतर लोकांना देण्यात येईल.

माझं पाणी पाणी झालं. माइकवरून जाहीर केलेली गोष्ट माइकवरून मागे कशी घ्यायची? मी फोनच्या मागे हात धुवून लागलो. एका वेळी दहा गजर लावले. दहाही शिस्तीत वाजले. मिलच्या खडखडाटात उभं राहून फोन केला. पलीकडच्याला शब्द न् शब्द ऐकू गेला. फोन उन्हात ठेवला, ओल्या हाताने दाबला, झोपाळ्यावर बसून वापरला. नव्या सुनेने पहिला महिना वागावं तसा तो वागत होता. आणि रोज सकाळी मिलवाला रस्त्यावरून ओरडायचा, “लागली का कीड?”

अशा वेळी दिघोरीहून आत्या आली.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. खोट काढण्यात तिचा हात धरणारं माणूस आमच्या नात्यात झालं नाही. पण तिचा एक नियम आहे आणि तो तिने कधी मोडला नाही. ज्याच्या घरी जेवलो त्याच्या तोंडावर तारीफच करायची; नावं ठेवायची ती त्याच्या गावची शीव ओलांडल्यावर. लहानपणी लग्नाहून परतताना आम्ही बैलगाडीत वाट पाहायचो. शिवेवरचा दगड मागे पडला की आत्या पदर सावरायची आणि म्हणायची, “आता आयका.” मग मांडवापासून मठ्ठ्यापर्यंत कोणी सुटायचं नाही.

ती आली होती मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. ते भंडाऱ्याला नीट पार पडलं, आणि मग ती आमच्याकडेच राहिली, कारण आमच्या मुलीचं चिखल्याच्या एका घरी जमत आलं होतं आणि मुलाचं घर आत्याने पाहिल्याशिवाय आमच्यात पुढचं पाऊल पडत नाही. काळा चष्मा लावून ती दिवसभर दिवाणावर बसायची. देवानेच माणूस पाठवलं म्हणून मी फोन तिच्या हातात दिला. “आत्या, याच्यात खोट काढ.”

“अक्षरं मुंग्याएवढे हायेत.”

मी अक्षरं सगळ्यात मोठी करून दिली. मग तिने सुरुवात केली. फोन जड आहे. आवाज रडका आहे. फोटोत ती काळी दिसते. मी सगळं भक्तिभावाने कळवलं. कंपनीने उत्तर दिलं की हे दोष सिस्टिमचे नाहीत. शेवटच्या मुद्द्यावर बायको म्हणाली की तो फोनचाही नाही, पण ते आत्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली.

महिना संपत आला. जागा जाणार हे मी मनात धरून टाकलं होतं. त्या रविवारी आम्ही चिखल्याला मुलाचं घर पाहायला गेलो. मुलाचे वडील खाणीत कामाला, घर कॉलनीत. माणसं मोकळी, मुलगा हसरा. आमच्या मुलीचा चेहरा पाहूनच कळत होतं की बोलणी आता नावापुरतीच उरली आहेत. जेवायला आलू-वांग्याची भाजी, पुऱ्या, भात, पापड. होणाऱ्या विहीणबाईंनी आग्रह करकरून वाढलं. आत्या प्रत्येक घासाला “वा” म्हणत होती, आणि आम्ही घरचे लोक एकमेकांकडे पाहत नव्हतो.

संध्याकाळी घरी आलो. आत्या म्हणाली, “बाबू, फोन लाव. इहीनबाईले पोचलो म्हून सांगतो.” मी लावून दिला, तिला नीट ऐकू यावं म्हणून स्पीकरवर.

“हाव बाई, पोचलो सुखरूप. जेवन म्हनजे अमृत होतं बाई तुमचं. भाजी तं अशी झालती का हाताचा वास जाऊन नाई राहिला. बरं, ठेवतो. या आता आमच्याकडं.”

तिने फोनच्या खालच्या बाजूला अंगठा दाबला. लाल बटन म्हणजे तिच्या लेखी फोनची शीव. फोन टेबलावर पालथा घातला, पदर सावरला आणि म्हणाली, “आता आयका.”

आम्ही सरसावून बसलो.

“भाजी होती का तेलाचा तलाव होता वो थे? तर्री एवढी का डोंगा टाकला असता तं पार गेला असता! वांगं बिचारं बुडून मेलं, त्याले काढाले बी कोनी नाई.”

बायकोला राहवलं नाही. “पापड बी नरम होते, आत्या.”

आणि मी! ज्याने जन्मात कशाला नाव ठेवलं नाही, त्या माझ्या तोंडून त्या भरात निघून गेलं, “मीठ बी कमीच होतं थोडं.”

“मीठ कमी होतं?” टेबलावरचा पालथा फोन म्हणाला.

मुलीने माझ्याकडे जे पाहिलं ते सांगण्याची माझी हिंमत नाही. मी फोन उचलून उलटा केला. कॉल चालूच होता. मी लाल बटन शोधू लागलो. लाल बटन नव्हतं. बाजूचं बटन दाबलं, स्क्रीन काळी झाली आणि काळ्या स्क्रीनमधून आवाज आला, “बोला, बोला इवाईबुवा. आयकू येऊन राहिलं.”

पुन्हा स्क्रीन लावली. भल्यामोठ्या अक्षरांत विहीणबाईंचं नाव, त्याखाली तेवढ्याच मोठ्या अक्षरांत ‘स्पीकर चालू आहे’, आणि एवढ्यातच जागा संपलेली. अगदी तळाशी, काठाला चिकटून, एक लाल रेघ दिसत होती. अक्षरं सगळ्यात मोठी केली की बटन खाली घसरून फोनच्या बाहेर जात होतं! कितीही दाबा, ते बोटाला सापडणारच नव्हतं.

माझ्या डोक्यात दिवाळी झाली. मुलीचं लग्न, विहीण, मीठ, सगळं क्षणभर विसरलो आणि माइकवरच्या आवाजात ओरडलो, “सापडली! खोट सापडली!”

“आता आनखी कोनती सापडली?” फोनमधून आलं.

मग मात्र मी हात जोडून, म्हणजे फोनला हात जोडून, सगळं सांगितलं. बीटा टेस्टर, महिनाअखेर, मोठी अक्षरं, घसरलेलं बटन. माझ्या मुलीने टेबलाची कड घट्ट धरली होती. आणि मग पलीकडून हसू फुटलं. असं खळखळून हसू, की त्यात बाईंना बोलता येईना.

“भाजी मी नाई केलती बाई,” त्या कशाबशा म्हणाल्या. “आमच्या ह्यायनं केली. पाहुने आले का मले गंजाजवळ जाऊ देत नाईत. तेल कमी टाका, तेल कमी टाका म्हनून म्हनून थकली मी. थांबा, त्याहिलेच देतो फोन. तुमीच सांगा आत्याबाई, माह्यं तं आयकत नाईत.”

“नमस्कार आत्याबाई,” भरदार आवाज आला. “काय म्हनत होत्या?”

आत्याने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. शीव अजून ओलांडायची होती.

“भाजी लय बढिया झालती भाऊ,” ती म्हणाली. “म्या तं दोनदा घेतली.”

पलीकडे विहीणबाई पुन्हा हसायला लागल्या. “साक्षगंधाची भाजी इवाईबुवा करतीन,” त्यांनी साखरपुड्याचा बेत मागून ओरडून जाहीर केला. “मीठ त्याहिच्या हातचं पाहू!” आणि त्यांच्याच बाजूने फोन कटला. मुलगी धपकन खुर्चीत बसली आणि रडावं की हसावं न कळून दोन्ही करू लागली. बायकोने तिला पाणी दिलं आणि उरलेलं स्वतः प्यायली.

मी बायकोच्या फोनने माझ्या स्क्रीनचा फोटो काढला, घडलं ते लिहिलं, भाजीचा भाग गाळला आणि पाठवून दिलं. तीन दिवस दुकानात मन लागलं नाही. मग उत्तर आलं. दोष खरा आहे, आमच्याकडेही तसाच दिसला, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होईल, आणि आपला सहभाग कायम आहे. छातीवरून धानाने भरलेला कट्टा कोणीतरी अलगद उतरवून ठेवावा तसं झालं. मी गल्ल्यावर बसल्या बसल्या मोठा श्वास घेतला आणि त्या भरात एका गिऱ्हाइकाला खरं सांगितलं की हे झाकण नीट बसत नाही. त्याने तरी घेतलं.

“लागली का कीड?” मिलवाला रस्त्यावरून ओरडला.

“लागली!” मी ओरडलो. “आमालेच लागनार होती, थोडक्यात वाचलो!”

साक्षगंधाच्या आधी नवी आवृत्ती आली. मी अक्षरं पुन्हा सगळ्यात मोठी करून पाहिली. लाल बटन आपल्या जागी, मोठ्या कुंकवासारखं. परीक्षा कोण घेणार, हा प्रश्नच नव्हता. आत्याने चिखल्याला फोन लावायला सांगितला. तब्येत विचारली, पावसाचं विचारलं, त्या दिवशीच्या जेवणाची आठवण काढून पुन्हा तारीफ केली आणि लाल बटनावर अंगठा टेकवला. मग फोन कानाला लावून पाहिला. माझ्या कानाला लावला. मुलीच्या कानाला लावला. तरीही विश्वास बसेना, तेव्हा तिने फोन आतल्या खोलीत उशीखाली ठेवला, दार ओढलं, अंगण ओलांडलं आणि फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली. आम्ही सगळे तिच्या मागे.

तिने पदर सावरला आणि इतके दिवस अडवून धरलेलं एका दमात सोडून दिलं.

“तेल जास्तच होतं, बाबू!”