भिजकं वजन

आळेफाट्याच्या कांदा बाजारात सलीम मापाड्याला काटा लागायचा तो फक्त दुसऱ्यांची खात्री पटवायला. गोणीचं तोंड एका हातानं धरून तो ती गुडघ्यावर जराशी कलती करायचा आणि आकडा सांगायचा. मग गोणी काट्यावर चढली की दांडी त्याच आकड्याला स्थिर व्हायची, फार तर पाव किलो इकडंतिकडं. बाप मापाडी, आजा मापाडी. जुन्नरहून हे घर फाट्यावर आलं ते काट्यामागंच. सलीमच्या तोंडून खोटं वजन कधी निघालं नाही असं शेतकरीही म्हणायचे आणि व्यापारीही.

भिजका कांदा तर तो न उचलता ओळखायचा. अठ्ठ्याण्णव सालच्या चैत्रात अवकाळी झोडपून गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी आणे गावच्या पठारावरून सावळेराम नावाचा शेतकरी गोण्या घेऊन आला. सलीमनं एका गोणीवर नुसता हात फिरवला.

"पावणं, हे कांद्याचं वजन न्हाई. पाण्याचं हाय."

"सलीमभाई, दोन-तीन किलोनं काय आभाळ कोसळतंय का, राव?"

"कोसळून गेलंय की तुमच्या गोणीत!"

हमाल हसले. सावळेरामही ओशाळून हसला. सलीम मात्र हसला नाही. "दोन-तीन किलोचं न्हाई ओ. पाणी आत ऱ्हायलं की गोणी आतनं सडत जाती. वरनं लई टुमटुमीत दिसती. आठ दिसांनी तोंड सोडलं की नाकाला पदर लावाया लागतो. घिऊन जा, उन्हात पसरा."

सावळेराम गोण्या परत घेऊन गेला. आणि त्याच दिवशी सकाळी, बाजार उघडायच्या आधी, सलीमनं आपल्या बायकोला त्याच काट्यावर उभं केलं होतं, दांडी त्रेचाळीस किलोला टेकलेली पाहून मांडीवर थाप मारली होती.

बायकोचं नाव बिबिजान. लहानपणी सांधे धरणारा ताप आला होता, त्यानं काळजाची एक झडप अधू करून ठेवलेली. एकुलती लेक रुबिना पोटात असताना ते कळलं. पुढं सोळा-सतरा वर्षं गोळ्यांवर निघाली. मग हंडा उचलला की धाप, चार पावलं टाकली की धाप. फेब्रुवारीत पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, झडप बदलावी लागेल.

"पण एवढ्या अशक्त अंगावर मी सुरी चालवणार नाही. एकोणचाळीस किलो वजन आहे त्यांचं. पंचेचाळीस तरी होऊ द्या. दूध, डाळ, अंडी द्या. गोळ्या चुकवू नका. आणि मीठ तोडा. दिवसाला चिमूटभर, त्याच्या वर नाही."

मीठ का तोडायचं हे विचारायचं सलीमच्या ओठावर आलं होतं, पण तोवर पुढचा पेशंट आत येऊन उभा राहिला होता.

घरी अळणी स्वयंपाक सुरू झाला. पहिल्या घासालाच बिबिजाननं ताट लोटलं.

"अजी, ही डाळ हाय का हात धुयाचं पानी? तुमचा डाक्टर खातो का घरी असलं?"

"खा गं. दवा समजून खा."

"दवाची गोळी तरी एक असती. ही परातभर दवा कुटं घालू?"

आठ दिवस ती अर्ध्या भाकरीवर राहिली. वजन साडेअडतीसला आलं. डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या आणि त्या दोन्ही एका ताटात बसत नव्हत्या. मीठ तोडलं तर ती जेवत नव्हती, जेवली नाही तर पंचेचाळीस होणार नव्हते. दोन्हींतली एकच गोष्ट काट्यावर दिसायची. सलीमनं तीच धरली. ताटात लोणच्याचा खार ठेवला, पापड भाजला, आणि बिबिजाननं दीड भाकरी खाल्ली.

"अब्बा, डॉक्टरनी मीठ नाय सांगितलंय," रुबिना म्हणाली.

"डॉक्टरनी पंचेचाळीस बी सांगितलेत. मीठ कुटल्या काट्यावर चढतं सांग बरं?"

त्या वर्षी बकरीदही चैत्रातच आली. घरोघरून कुर्बानीच्या मटणाचे वाटे आले. जे त्या दोन दिवसांत संपलं नाही ते मटण रिवाजाप्रमाणं पट्ट्या कापून, हळद आणि मूठमूठ मीठ चोळून दोरीवर वाळत घातलं. एरवी ते पावसाळ्यासाठी राखून ठेवायचं. सलीमनं यंदा ते बायकोसाठी उतरवलं. रोज सकाळी आणि संध्याकाळी वाटीभर गरम रस. ताकदीची चीज! बिबिजान बोटं चाटून प्यायची आणि वर तांब्याभर पाणी प्यायची, कारण तहान लई लागायची.

एकेचाळीस. त्रेचाळीस. साडेचव्वेचाळीस.

शेजारच्या लंकाबाईनं दारातूनच गालाला हात लावून पाहिला. "बिबे, गाल आलं की गं तुला! सलीमभाऊ, काय खाऊ घालताय? आमच्या म्हाताऱ्याला बी सांगा, नुसतं मलाच ओरडतंय." बिबिजान लाजली. मनगटावरून कोपरापर्यंत सुळकन घसरणाऱ्या काचेच्या बांगड्या आता जागच्या हलत नव्हत्या. ती त्या पुन्हापुन्हा फिरवून बघायची, आणि फिरत नाहीत म्हणून हसायची.

घरात दुसरंही काही चाललं होतं, पण त्याचा आकडा कुणी घेत नव्हतं. उशी एक होती, तिच्या दोन झाल्या, मग घडी केलेली गोधडी त्यावर आली. पैंजण काढलं तर त्याची चरी दुपारपर्यंत घोट्यावर दिसायची. सकाळी डोळे सुजलेले असायचे. खोकला लागला होता, कोरडाच, आणि तो आडवं झालं की वाढायचा. रुबिनानं एकदा बोलून दाखवलं, तर सलीम म्हणाला, "उन्हाळ्याची धूळ हाय, पोरी. फाट्यावर कोण खोकत न्हाई?"

एप्रिल संपता संपता एका सोमवारी, बाजार नसतो त्या दिवशी, तो तिला घेऊन, त्याचा काटा असायचा त्या रूपचंद शेठ व्यापाऱ्याच्या गाळ्यावर आला. गाळ्याच्या वरच शेठचं घर. शेठच्या घरच्या कंचनबाई ओट्यावर बसून गहू निवडत होत्या, त्यांचा मुलगा हितेश जीप पुसत होता. काट्याची फळी जमिनीपासून चार बोटं उंच. बिबिजान तेवढी चढली आणि तोंड उघडं टाकून उभी राहिली.

सलीमनं दांडीवरचं वजन सरकवलं, पुन्हा सरकवलं. "सत्तेचाळीस! पेढे हायेत, भाभी, घ्या. गुरवारी पुण्याला निघतो हिला घिऊन."

कंचनबाईंनी पेढ्याला हात लावला नाही. त्या बिबिजानकडं बघत होत्या. चढलेली धाप अजून उतरली नव्हती.

"पंधरा दिवसांमागं किती होतं, सलीमभाई?"

"एकेचाळीस."

"सहा किलो? पंधरा दिवसांत? काय देताय?"

"सूप." सलीमनं नजर दुसरीकडं नेली. "ताकदीचं."

काय ते कंचनबाईंना कळलं. पण जैन बाई, त्यांनी मटणाचं नाव तोंडावर आणलं नाही. "मीठ असतं त्यात?"

"असतं की. बिगरमिठाचं ती खात न्हाई."

"बिबिजान, इकडं ये. ओट्यावर बस. पाय दे."

त्यांनी नडगीवर अंगठा दाबला, दहा मोजेपर्यंत धरला आणि काढला. कातडीत खळगा पडला होता. तो पडूनच राहिला. हितेशही जीप सोडून बघायला आला.

"भाभी, नजर नका लावू," सलीम तडकून बोलला. "बाईमानूस जरा अंग धराया लागलं तर—"

"ऐकून घ्या आधी. चैत्रात आणि आश्विनात मी आयंबिलाची ओळी करते. नऊ दिवस, एक वेळ, बिनतेलाचं आणि बिनमिठाचं. आत्ता केली तेव्हा तुम्हीच या काट्यावर माझं वजन केलं होतं. किती उतरले होते?"

"साडेतीन किलो."

"हितेश काय म्हणाला होता?"

"मम्मी, काट्याला सुट्टी मिळाली म्हणून," हितेश पुटपुटला. या वेळी कुणी हसलं नाही.

"आणि पारणं झालं, लोणचं-पापड तोंडाला लागलं, तिसऱ्या दिवशी?"

सलीमला आकडा आठवत होता. त्याला सगळे आकडे आठवायचे. "अडीच परत आलं व्हतं."

"तीन दिवसांत अडीच किलो मांस कुठून येणार, सलीमभाई? मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. माझ्या अंगानं धरलं तर बोटातली अंगठी अडते, मग चार दिवसांनी सुटते. हिचं काळीज अधू. त्याला एवढं पाणी ढकलवत नसेल. ते जाणार कुठं?"

सलीम खाली बसला. बायकोच्या नडगीवर त्यानं आपला अंगठा दाबला. तीस वर्षं गोण्या चाचपणारा अंगठा. तो आत गेला, आणि आत काय आहे ते त्याला लगेच समजलं. एवढे दिवस त्यानं तिला काट्यावर चढवलं होतं, हात लावून पाहिलं नव्हतं.

"हितेश," कंचनबाई म्हणाल्या, "गुरुवार बघू नको. आत्ता जीप काढ."

मंचर सोडून पेठचा घाट चढताना बिबिजानला मागं टेकताही येईना. पुढच्या सीटच्या पाठीला दोन्ही हात लावून ती बसली होती आणि श्वासागणिक छातीत उकळी फुटल्यासारखा आवाज येत होता. पेढ्यांचा पुडा सलीमच्या मांडीवर तसाच होता.

हॉस्पिटलात सुई लावायला मनगट मोकळं करायचं होतं. साबण लावूनही बांगड्या निघेनात. नर्सनं एकेक करून फोडल्या. सलीम भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

"पायात पाणी, पोटात पाणी, फुप्फुसात पाणी," डॉक्टर म्हणाले. "गोळी एका बाजूनं पाणी काढतेय, तुम्ही दुसऱ्या बाजूनं मीठ भरताय. आणखी दोन दिवस घरी राहिल्या असत्या तर आपल्याच पाण्यात बुडाल्या असत्या."

इंजेक्शनं सुरू झाली. रोज सकाळी वजन व्हायचं. साडेचव्वेचाळीस. बेचाळीस. चाळीस. नर्स दर वेळी खूश होऊन सांगायची, "वा, उतरलं!" आणि सलीम वाकून काट्यावरचा आकडा पुन्हा बघायचा. जन्मभर उतरलेलं वजन म्हणजे त्याला घट माहीत. एकोणचाळीस झाले तेव्हा त्याला वाटलं, आता थांबेल, इथूनच तर आपण निघालो होतो. थांबलं नाही. अडतीस. सदतीस. पाणी कुठं संपतं आणि बिबिजान कुठं सुरू होते, हे त्याला कुणी सांगेना. साडेछत्तीसला दांडी थांबली.

"हे त्यांचं खरं वजन," डॉक्टर म्हणाले. म्हणजे तो महिना-दीड महिना ती रोज काट्यावर चढत होती आणि पाण्याच्या आड आतल्या आत झिजत होती. ऑपरेशनचं विचारल्यावर ते म्हणाले, "आता नको. बघू पुढं."

ते पुढं आलं नाही. पुढच्या वर्षी डॉक्टरांनी मान हलवली, त्याच्या पुढच्या वर्षी सलीमनं विचारलंच नाही.

दोरीवरचं उरलेलं मटण त्यानं घरी आल्या आल्या कुत्र्यांना टाकलं होतं. मिठाची बरणी लंकाबाईकडं गेली. घरात तिघांचं एकच अळणी कालवण. लिंबू, लसूण, मिरची, आमसूल लावून रुबिनानं त्याला चव आणायला शिकून घेतलं. बाजारात कुणी प्रेमानं भजीचा कागद पुढं केला तरी सलीम हात जोडायचा. "पावणं, घरी जे न्हाई ते मला न्हाई." आणि रोज सकाळी, बाजार असो नसो, गाळ्यावरचा काटा. सदतीस. साडेसदतीस. सदतीस. दांडी जागची हलली नाही की तो दिवस बरा जायचा. बिबिजान उतरताना विचारायची, "किती?" तो सांगायचा, आणि ती ओट्यावरच्या कंचनबाईंना हात करून घराकडं वळायची.

अशी तीन वर्षं निघाली. रुबिनाचं लग्न ठरलं. दिवाळीनंतरची तारीख होती.

दोन हजार एकच्या भाद्रपदात एका सकाळी सलीमनं वजन सदतीसच्या खुणेवर ठेवलं आणि दांडी टपकन वर गेली. त्यानं ते पुढं सरकवलं. आणखी पुढं. साडेअडतीसला ती हळूहळू तरंगू लागली. काल सदतीस होते. आदल्या दिवशी काय खाल्लं ते त्यानं मनात घासाघासानं तपासलं. घरात मीठ नव्हतं. मीठ तीन वर्षं नव्हतं. या वेळी पाणी त्याच्याशिवायच आलं होतं.

"किती?" बिबिजाननं विचारलं.

"सदतीस," सलीम म्हणाला. खोटं वजन त्यानं पहिल्यांदाच सांगितलं. "चल, जरा पुण्याला जाऊन यू. सहजच. हितेश बी निघालाय."

ती काट्यावरून उतरली नाही. खाली वाकून तिनं आपल्या पायांकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. ओट्याशी रुबिना उभी होती, तिला तिनं जवळ बोलावलं.

"जरा साबण आन गं. निघत्यात तोवर काढून ठेवू."

रुबिना साबण आणि तांब्या घेऊन आली. हॉस्पिटलातून आल्यावर नव्यानं भरलेल्या बांगड्यांतली पहिली जरा अडली, मग सुटली. बिबिजान एकेक बांगडी काढून लेकीच्या हातावर ठेवत होती. सलीमचा हात अजून दांडीवरच होता.