शिवलेली पानं आणि एक जोडवं

पुस्तकाची शेवटची पानं सुईदोऱ्यानं शिवून टाकणारी मास्तरीण तुम्ही पाहिली नसेल. ती मी. वय वीस, अक्कल त्याहून बरीच कमी. भूतबीत मी तेव्हाही मानत नव्हते, आजही नाही... नाती हसतात, हसू देत. पण ही एक गोष्ट डोक्यात कुठं ठेवावी ते कळत नाही, म्हणून इथं लिहिते.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं. बुलढाण्याहून बैलांच्या दमणीत बसून मी देऊळघाटच्या पुढच्या एका खेड्यात मुलींना शिकवायला जायची. गावाचं नाव सांगत नाही. मोठ्या मुलींना पेशवाईतली एक रहस्यकादंबरी शिकवत होते. एका घरची सून नाहीशी होते, वेशीबाहेर तिचं एक जोडवं सापडतं, आणि दहा वर्षांचा चुणचुणीत पोरगा छडा लावतो. कुणी शेवट आधी वाचू नये म्हणून मी तो शिवला आणि विचारलं — सून कुठं गेली असेल?

पुस्तकात ती पळून गेलेली. सगळ्या मुलींनी तेच सांगितलं. गया तेवढी उठली.

"पयून जानारी जोडवं टाकून काऊन जाईन, बाई? तिले ओढत नेलं. दुसरं जोडवं पायातच हाय. ती बाई आपल्या पडक्या बारवेत हाय, कमरेले जात्याचा दगड बांधेल हाय."

वर्ग हसला. मी सगळ्यात जास्त.

"पेशवाईतली सून तुमच्या बारवेत आली कशानं गं? दमणीनं?"

गया खाली बसली.

त्याच आठवड्यात तिचा बाप शाळेत आला. "बाई, पोरगी हुशार असंन तं अजून एक साल शिकवतो. नसंन तं एक ठिकान आलं हाय. तुमी सांगान तसं."

मी टेचात म्हटलं, "पुस्तकात एक असतं, ही दुसरंच सांगते."

त्यानं मान डोलावली. वैशाखात गयाचं लग्न झालं.

पुढं पाण्याची ओरड झाली तेव्हा गावानं त्या बारवेचा गाळ उपसला. गयाच्या बापाच्या जन्माआधीपासून तिथं कुणी पाणी भरलं नव्हतं. गाळात बाईची हाडं निघाली. कमरेशी जात्याचा दगड. जोडवं एकाच पायात. कोण होती ते म्हाताऱ्यांना आठवेना... की आठवायचं नव्हतं. गयाला ते कसं दिसलं, आणि छापील गोष्टीतलं जोडवं इथं येऊन कसं जुळलं — मला आजतागायत उलगडलेलं नाही.

त्यानंतर गया पहिल्यांदा माहेरी आली तशी मी धावत गेले. ओसरीवर ज्वारी निवडत बसली होती. "तुला कसं कळलं गं?" मी विचारलं. तिनं सुपातली नजर वर केली नाही.

"तवा इचारलं असतं तं सांगतलं असतं, बाई. आता मी डोयानं पाह्यलेलंबी सांगत नाई."