टक्का घटला म्हणजे कपाशी घटली का?

मैत्रिणींनो, आज सकाळी लेकीनं फोनवर माझीच परीक्षा घेतली. ती पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करते, आम्ही दोघं इथं अल्लीपूरला.

प्रश्न असा होता: एका गावाच्या पेऱ्यात मागच्या वर्षी साठ टक्के कपाशी होती, यंदा चाळीस टक्के आहे. मग कपाशीचा पेरा घटला का?

"घटलाच!" मी म्हटलं. आमच्या शेतात सोयाबीन वाढलं की कपाशी घटतेच.

"आई, घाई काऊन करून राह्यली? एकूण पेरा किती, ते सांगितलं कुठं?"

मागून तिचे बाबा म्हणाले, "वावर का रबर आहे, ताणलं का वाढते?"

"बाबा, त्या गावानं पडीक जमीनही पेरली असंन तर? शंभर एकरांचे साठ टक्के म्हणजे साठ एकर, अन् दोनशेचे चाळीस टक्के म्हणजे ऐंशी. टक्का घटला, पण कपाशी वाढली ना!"

मग तिचा क्लास सुरू झाला आणि तिनं फोन ठेवला.

"पहिल्यासारखी बोलत नाई आता," मी म्हटलं.

हे हसले. "अवं, तिचा दिवस मोठा झाला. तुझा टक्का घटला, तू नाई घटली."

हिशेब पटला. तरी दुपारी शेंगा भाजताना नजर ओट्याकडे जात राहिली. शाळेतून आली की ती तिथं बसून दाणे खात सगळं सांगायची.

तिचं जग मोठं व्हावं, हे मलाच हवं होतं. आजही हवं आहे. फक्त ते एवढंसं होतं तेव्हा त्यात बहुतेक मीच होते, त्याची फार आठवण येते.

तुम्हालाही येते का?