पायलीने मोजलेली भुतं

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षी मी तापीकाठच्या प्रकाशा गावात सून म्हणून आले, आणि पुढच्याच उन्हाळ्यात पुण्याकडच्या एका लेखकाच्या भुताखेतांच्या कादंबऱ्यांची मी प्रतवारी लावली. गृहस्थ वर्षाला चार-चार पुस्तकं पाडायचे. माझे यजमान शहाद्याला कचेरीत होते. तिथल्या वाचनालयातून ते दर आठवड्याला एक घेऊन यायचे.

पेरणीआधी बियाण्यासाठी भुईमुगाच्या शेंगा हातानेच फोडाव्या लागतात. सासूबाई, शेजारच्या दोघी आणि मी, अशा आम्ही दुपारी ओसरीवर बसायचो. उन्हाने सगळ्यांना पेंग यायची. मी पुस्तक वाचते, म्हणजे तुम्ही जाग्या राहाल, असं मी सुचवलं. पुस्तकी मराठी त्यांना फारसं कळत नसे, म्हणून वाचता वाचता मी ते अहिराणीत सांगायचे. सासऱ्यांनी परवानगी दिली, पण एका अटीवर. संध्याकाळी ते दाणे पायलीच्या मापाने मोजणार, आणि दोन पायल्यांच्या खाली भरले की पुस्तकं कायमची बंद. वाचन बंद झालं असतं तर त्या घरात माझं म्हणावं असं काहीच उरलं नसतं. मला भीती होती ती त्याची, भुतांची नाही.

पुस्तक जितकं रद्दी तितके दाणे जास्त, हे थोड्याच दिवसांत ध्यानात आलं. सगळ्यात टाकाऊ ठरलं ते साहेबाच्या बंगल्यातल्या सांगाड्याचं. त्या दिवशी सव्वातीन पायल्या भरल्या. तापीवर जाता-येता रोज चिता बघणाऱ्या बायका हाडांना काय भीक घालणार? त्याच्या जरा वर तुटक्या हाताचं, तीन पायल्या. तो हात जेवतो कशाने, एवढीच शेजारणीची शंका होती. घड्याळात अडकलेल्या आत्म्याचं मला स्वतःला फार आवडलं होतं, पण आमच्या गल्लीत घड्याळच कुणाकडे नव्हतं, त्यामुळे तेही पडलं. विहिरीतून हाक येते ते बरं म्हणायचं. अडीच पायल्या भरल्या, आणि आठवडाभर विहिरीवर एकटी कुणी जाईना.

सासूबाईंचं मत मात्र कधी कळलं नाही. त्या खाली मान घालून शेंगा फोडत राहायच्या. त्यांना फक्त ढिगाशी मतलब आहे, असं मी धरून चालले होते.

सर्वांत चांगलं पुस्तक मी आधीच वाचून मागे ठेवलं होतं. मेलेली आई रोज तिन्हीसांजेला दाराशी येते आणि तिच्या लहान मुलीला तिची ओळख पटत नाही, एवढीच गोष्ट. ते वाचलं की हात थांबणार हे मला ठाऊक होतं. शहाण्या बाईने ते तसंच परत पाठवलं असतं. पण मला मिजास होती. एकदा तरी त्या तिघींना गार करायचं होतं.

हात थांबलेच. सासरे आले तेव्हा शेवटची चार पानं राहिली होती, आणि दाणे एक पायलीही भरले नाहीत. ते पुस्तकाकडे बघत उभे राहिले.

"आज मन्हाच हात चालनात नई," सासूबाई म्हणाल्या. "सुनले काई बोलू नका."

सासऱ्यांनी पायली कोपऱ्यात ठेवली आणि ते पाय धुवायला गेले.

भाकरी थापताना सासूबाईंनी मला हळूच विचारलं, ती आई शेवटी घरात गेली का. खोटं सांगणं सोपं होतं. पण मी सांगितलं, नाही गेली. पोरीने भिऊन दार लावून घेतलं.

त्यांचा हात भाकरीवरच राहिला. "मी धाकली व्हतू तवय मन्ही माय मरनी," त्या म्हणाल्या. "आते सपनमा येस. मले तिन्हं तोंड याद नई, म्हनीसन मले तिन्हंच भ्याव वाटस."

मला रडू आलं. त्या रडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी शेंगांचं पोतं सोडायच्या आधी त्यांनीच पुस्तक माझ्या हातात दिलं आणि राहिलेली चार पानं सावकाश वाचायला सांगितलं.